उपटण्याआधी आम्ही का विचारतो

बागेतलं तण काढण्याचं काम सुरू करण्याआधी आमचा माणूस तुम्हाला सोबत घेऊन वाफ्यावाफ्यातून फिरतो आणि "हे ठेवायचं की काढायचं?" असं विचारत राहतो. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो. पण एका ग्राहकांनी हौसेने पेरलेली रानफुलं आम्हीच एकदा गवत समजून अर्ध्या तासात साफ केली होती. कोवळी रोपं, कळीचा पत्ता नाही, ओळखणार कशी? तेव्हापासून विचारल्याशिवाय खुरपं लावत नाही.

वनस्पतिशास्त्रात 'तण' नावाचं कुळ नाही. नको तिथे उगवलं की ते तण. हिरवळीतल्या हरळीला आपण पाणी घालतो आणि गुलाबाच्या वाफ्यात शिरली की तिलाच शिव्या देतो. राय हे धान्य मुळात गव्हातलं तण. गव्हाबरोबर कापलं, मळलं, पेरलं जाता जाता स्वतःच पीक होऊन बसलं. घाणेरी आणि जलपर्णी यांचं उलट झालं. फुलं सुंदर म्हणून लोकांनीच त्या देशोदेशी नेल्या, आणि आता हटता हटत नाहीत.

काहींचा स्वभावच दांडगा, हेही खरं. लव्हाळ्याला जमिनीखाली गाठींची माळ असते. वरची पात ओढली की माळ तुटते आणि सुटलेल्या गाठी आपापले कोंब काढतात. म्हणजे उपटून आपण तो वाढवतोच. म्हणून आम्ही तो गाठींसकट खणून काढतो, आणि तरीही एका फेरीत संपेल असं कबूल करत नाही.

"मागच्या वेळी सगळं काढलं होतं, मग पुन्हा कसं आलं?" हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. बी मातीतच असतं. विल्यम बील या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये बिया वाळूत मिसळून २० बाटल्यांत पुरून ठेवल्या. त्यातली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तर काही बिया चक्क उगवल्या! आपण माती खणतो तेव्हा खाली झोपलेलं बी वर येतं, त्याला उजेड मिळतो. त्यामुळे उगाच खणण्यापेक्षा पालापाचोळ्याचं जाड आच्छादन बरं.

रानफुलांसाठी एखादा कोपरा ठेवायचा असेल तर तिथे खत घालू नका. खतावर गवत माजतं आणि फुलझाडं दबून जातात. फुलं सुकून बी गळेपर्यंत कापणीही नको. एकदांडीचं बारीकसं फूल बघा, पांढऱ्या पाकळ्या आणि पिवळा गाभा. त्यावर फुलपाखरं हमखास बसतात; आम्हाला विचाराल तर एकदांडी राहू द्या.

ठेवायच्या झाडाला हिरवी फीत बांधा. तुम्हालाच खात्री नसेल तर पिवळी. त्याला फूल येईपर्यंत आम्ही हात लावणार नाही. अपवाद एकच, गाजर गवत. एकेक झाड हजारो बिया टाकतं आणि अंगाला लागलं तर खाज सुटते. ते आम्ही फुलण्याआधीच, हातमोजे घालून, मुळासकट काढतो. त्यासाठी विचारत नाही.