स्टार ट्रेकचा ‘पहिला भाग’ नेमका कोणता?

मूळ ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानातल्या प्रवासाची अमेरिकी टीव्ही मालिका पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतली की पहिल्याच पायरीवर अडखळायला होतं. पहिला भाग कोणता, या प्रश्नाला चार उत्तरं आहेत आणि चारही बरोबर आहेत. सर्वांत आधी चित्रित झाला ‘द केज’. ज्याच्या जोरावर मालिका मंजूर झाली तो ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’. मंजुरीनंतर नियमित चित्रीकरण सुरू झालं ते ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’पासून. आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकी प्रेक्षकांपुढे पहिल्यांदा आला तो ‘द मॅन ट्रॅप’. कॅनडात तर हाच भाग दोन दिवस आधी, ६ तारखेला दाखवून झाला होता. म्हणजे ‘पहिलं प्रसारण’ म्हटलं तरी गुंता सुटत नाही.

‘द केज’ची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे. १९६४च्या अखेरीस चित्रीकरण, सहा लाख डॉलरच्या वर खर्च, आणि १९६५च्या सुरुवातीला वाहिनीचा नकार. भाग ‘फार बौद्धिक’ आहे, असं कारण दिल्याचं नेहमी सांगितलं जातं. मात्र त्याच वाहिनीने दुसरा पायलट, म्हणजे मंजुरीसाठीचा नमुना भाग, मागवला, आणि तेव्हाच्या रिवाजात हे क्वचितच घडायचं. १९६५च्या जुलैमध्ये कॅप्टन कर्कला घेऊन दुसरा पायलट, ‘व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर’, झाला. त्यात यानाचा डॉक्टर मॅकॉय नाही, संदेशवहन सांभाळणारी उहुरा नाही, सुलू सुकाणूवर नसून शास्त्रज्ञ आहे, आणि कबरीच्या दगडावर कर्कचं मधलं आद्याक्षर ‘टी’ऐवजी ‘आर’ कोरलेलं आहे.

खरा पेच पुढच्या वर्षी पडला. १९६६च्या मे महिन्यात ‘कॉर्बोमाइट’पासून नियमित काम सुरू झालं आणि उन्हाळा सरता सरता हाताशी पाच-सहा भाग आले. त्यातला कोणता आधी दाखवायचा? दुसरा पायलट सगळ्यात आधी तयार होता, पण त्यात पात्रांची आणि यानाची ओळख करून देण्यातच बराच वेळ जातो, शिवाय कपडे आणि माणसं आता बदलली होती. ‘मड्स विमेन’मध्ये बायका नवऱ्यांच्या शोधात दूरच्या खाणवस्तीकडे नेल्या जातात, नव्या मालिकेची ओळख अशा विषयाने करून द्यायला वाहिनी कचरत होती. ‘कॉर्बोमाइट’ जवळपास पूर्ण यानाच्या आत घडतो, पण बाहेरच्या महाकाय परक्या यानाची दृश्यं तयार व्हायला फार वेळ लागत होता. उरला ‘द मॅन ट्रॅप’. त्यात अनोळखी ग्रह आहे, रूप बदलून माणसांच्या शरीरातलं मीठ शोषणारा प्राणी आहे, एकामागून एक बळी जातात, आणि दृश्यपरिणामांचं कामही बेताचं. ‘द केज’ धरून मोजला तर निर्मितीत सहावा असलेला हा भाग पहिला ठरला.

वाहिनीची अडचण खोटी नव्हती. तारीख ठरलेली होती आणि जे तयार होतं तेच दाखवणं भाग होतं. पण या निवडीने मालिकेची ओळख वेगळी करून दिली, असं मला ठामपणे वाटतं. ‘मॅन ट्रॅप’च्या शेवटी तो प्राणी, त्याच्या जातीतला अखेरचा जीव, मारला जातो. कर्कच्या चेहऱ्यावर खंत दिसते, पण गोष्ट राक्षस मारण्याचीच राहते. ‘कॉर्बोमाइट’मध्ये उलटं आहे. अजस्र यान समोर ठाकतं, नष्ट करण्याची धमकी देतं, कर्क पोकरमधल्यासारखी थाप मारून वेळ काढतो, आणि ते यान अडचणीत सापडल्यावर पळून न जाता मदतीला जातो. आत भेटतो तो एकटा, गप्पांना आसुसलेला यजमान. पुढे ही मालिका ज्यासाठी ओळखली गेली ती भूमिका निर्मितीच्या पहिल्याच आठवड्यात कागदावर आलेली होती. प्रेक्षकांना मात्र ती १० नोव्हेंबरला, दहाव्या क्रमांकावर दिसली.

यानावरचा अर्धा परग्रहवासी शास्त्र-अधिकारी स्पॉक, त्याचंही तसंच. ‘द केज’मध्ये तो हसतो, ओरडतो. दुसऱ्या पायलटमध्येही आवाज चढलेला आहे. ‘कॉर्बोमाइट’च्या चित्रीकरणात दिग्दर्शकाने सांगितलं की सगळे घाबरलेले असताना तू शास्त्रज्ञासारखं अलिप्त राहून बघ, आणि तिथे आपल्याला हे पात्र सापडलं, असं त्या अभिनेत्याने पुढे सांगितलं. निर्मितीच्या क्रमाने बघितलं तर हा बदल डोळ्यांदेखत घडतो. प्रसारणाच्या क्रमात तो विस्कटतो. पहिल्या दोन आठवड्यांत थंड डोक्याचा स्पॉक दिसतो आणि तिसऱ्या आठवड्यात, २२ सप्टेंबरला, मध्येच दुसरा पायलट येतो: सगळ्यांचे गणवेश वेगळे, डॉक्टर वेगळा, स्पॉक पुन्हा चढ्या आवाजात. त्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्यांना खुलासा देणारं कोणी नव्हतं.

क्रम महत्त्वाचा नाही, असं म्हणणारे स्टारडेटकडे, म्हणजे मालिकेतल्या काल्पनिक तारखांकडे, बोट दाखवतात. भाग कसेही फिरवता यावेत म्हणूनच ती कालगणना मुद्दाम धूसर ठेवली होती, हे खरं. पण सुरुवातीच्या भागांचे आकडे पाहा. दुसरा पायलट १३१२.४, ‘मड्स विमेन’ १३२९.८, ‘कॉर्बोमाइट’ १५१२.२, ‘मॅन ट्रॅप’ १५१३.१. थोडी अदलाबदल सोडली तर हा निर्मितीचाच क्रम आहे.

विश्वाची रचनाही तशीच टप्प्याटप्प्याने झाली. आधीच्या भागांत यान पुढे रूढ झालेल्या डायलिथियम या काल्पनिक स्फटिकावर नव्हे, साध्या लिथियमवर चालतं. ‘द एनिमी विदिन’मध्ये सुलू आणि सोबती ग्रहावर थंडीने गारठतात आणि त्यांना आणायला शटल, म्हणजे छोटं यान, पाठवायचं कोणाच्या मनातही येत नाही, कारण ते तोवर बांधलेलंच नव्हतं. ग्रहांच्या संघराज्याचं ‘फेडरेशन’ हे नाव जानेवारी १९६७च्या ‘एरीना’त ऐकू येतं.

१९६९मध्ये ७९ भागांनंतर मालिका बंद झाली आणि रोजच्या पुनःप्रसारणाने तिला नवं आयुष्य दिलं. तिथे भाग मागेपुढे झाले, जाहिरातींसाठी कापलेही गेले. आपल्याकडे १९८०च्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ज्यांनी ती पाहिली, त्यांनीही भाग सुटे सुटेच पाहिले. कृष्णधवल संच असलेल्या घरांत शर्टांचे रंग कळायचा प्रश्न नव्हता. पायलटमधली जाड गळपट्टी तेवढी वेगळी दिसत असे.

क्रमाचा वाद घरगुती चकत्यांच्या काळात पुन्हा उफाळला. १९९९पासून आलेल्या पहिल्या डीव्हीडी, एका चकतीवर दोन भाग, निर्मितीक्रमाने होत्या. २००४च्या हंगामवार संचांनी प्रसारणक्रम धरला आणि पुढे तोच अधिकृत मानला गेला. ‘द केज’ त्या संचांत थेट तिसऱ्या हंगामाच्या शेवटी, पुरवणीसारखा टाकलेला होता.

खरं तर ‘द केज’चे आधीच हाल झाले होते. १९६६मध्ये वेळापत्रक कोलमडलं तेव्हा त्यातली दृश्यं वापरून ‘द मिनॅजरी’ हा दोन भागांचा प्रसंग रचला गेला, आणि त्यासाठी मूळ निगेटिव्ह कापली गेली. तो ‘कॉर्बोमाइट’च्या पुढच्याच आठवड्यात दाखवला गेला, हा योगायोग मला फार हलवून जातो: दोन ‘पहिले’ भाग पाठोपाठ, आणि तेही पहिल्या हंगामाच्या मध्येच. १९८६ची व्हिडिओ कॅसेट अर्धी रंगीत, अर्धी कृष्णधवल होती. हरवलेला रंगीत भाग सापडल्यावर १९८८मध्ये पूर्ण रंगीत ‘द केज’ टीव्हीवर आला.

२००६मध्ये सुरू झालेल्या पुनर्संस्करणात जुन्या प्रतिकृतींच्या जागी संगणकावर केलेली दृश्यं आली. सुदैवाने २००९च्या ब्लू-रेवर जुनी दृश्यंही ठेवली गेली. २०२२पासून ‘द केज’च्या कॅप्टन पाइकवर स्वतंत्र मालिका सुरू झाली, आणि नाकारलेला तो भाग आता अनेकांसाठी प्रवेशद्वार बनला आहे.

पुन्हा बघणाऱ्याने ‘द केज’ बाजूला ठेवावा, ‘मिनॅजरी’ येईपर्यंत. दुसऱ्या पायलटपासून सुरुवात करावी, मग ‘कॉर्बोमाइट’, ‘मड्स विमेन’, ‘एनिमी विदिन’, आणि त्यानंतर ‘मॅन ट्रॅप’. तोवर मॅकॉय ओळखीचा झालेला असतो, आणि जुन्या प्रेयसीचं रूप घेतलेल्या त्या प्राण्यावर हत्यार रोखताना त्याचा हात का थांबतो, ते कळतं.