ग्रीन टी, कॅमोमाईल आणि आपला गवती चहा: 'शांत करणारा चहा' आला कुठून?

परवा मावशीचा फोन आला. रात्री जीव घाबराघुबरा होतो, झोप लागत नाही, शेजारच्या काकू म्हणाल्या ग्रीन टी घेत जा, "म्हणजे आपला गवती चहाच ना गं तो?" हा प्रश्न मला आधीही बऱ्याच जणींनी विचारलाय आणि त्यात त्यांची काही चूक नाही, कारण दुकानात ग्रीन टी, कॅमोमाईल, तुळस, लेमनग्रास सगळे डबे एकाच फळीवर असतात आणि सगळ्यांवर 'रिलॅक्स' लिहिलेलं असतं. पण या प्रत्येकाचा प्रवास वेगळा आहे, आणि तो कळला की कुठलं कधी प्यावं हेही आपोआप कळतं.

ग्रीन टी आणि आपली रोजची चहा पावडर एकाच झाडाची. ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच वाफवतात नाहीतर कढईत भाजतात म्हणून ती हिरवी राहतात, बाकी काही नाही. 1191 साली एइसाई नावाचा झेन पंथाचा बौद्ध भिक्षू चीनमधून चहाचं बी घेऊन जपानला परतला, आणि 1211 मध्ये त्याने चहा आणि आरोग्यावर 'किस्सा योजोकी' हा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की हृदयाला कडू चव लागते, ती आपल्या जेवणात नसते, म्हणून चहा प्या. पण मठात चहा रुजला तो झोप यावी म्हणून नाही बरं का, उलट तासन्‌तास ध्यानाला बसल्यावर डुलकी लागू नये म्हणून. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. जागं राहायचं पण जीव सैरभैर होऊ द्यायचा नाही, हे त्या भिक्षूंना चहातून मिळत होतं, ते नेमकं कशामुळे हे कळायला पुढे सातशेहून जास्त वर्षं गेली.

मधल्या काळात जपानमधल्या क्योतो शहराजवळच्या उजी गावातले शेतकरी एक वेगळंच काम करत होते. वसंतात कोवळी पालवी फुटली की चहाच्या मळ्यावर बोरूच्या चटया आणि पेंढा घालून सावली करायची. त्यातून पुढे एकोणिसाव्या शतकात ग्योकुरो नावाचा चहा आला, त्याला तोडणीआधी साधारण 20 दिवस सावलीत ठेवतात. एका मैत्रिणीने क्योतोहून मला थोडा आणून दिला होता. उकळतं पाणी घालायचं नाही, 50-60 अंशांपर्यंत निवू द्यायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि छोट्या वाटीत जेमतेम चार घोट ओतायचे. चव चहासारखी लागतच नाही, कटाच्या आमटीतल्या डाळीच्या पाण्यासारखी दाट, गोडसर, जिभेवर रेंगाळणारी.

ती चव कशाची हे शोधताना साकातो याजिरो या जपानी संशोधकाने 1949-50 मध्ये ग्योकुरोच्या पानांतून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं, त्याचं नाव थिअनिन. चहातला मन शांत करणारा घटक म्हणतात तो हाच. हे मुळांत तयार होतं, पानांत चढतं, आणि ऊन लागलं की त्यातून कॅटेचिन नावाचे तुरट घटक बनत जातात, सावलीत मात्र ते तसंच टिकतं. म्हणजे उजीच्या शेतकऱ्यांनी चटया घालून नकळत थिअनिनच जपलं होतं! गंमत बघा, कॉफीतलं कॅफीन 1819 मध्ये सापडलं, चहातलं 1827 मध्ये, म्हणजे जागं ठेवणारा घटक सव्वाशेच्या आसपास वर्षं आधी कळला आणि शांत करणारा नंतर, तोही चवीचा शोध घेताना. 1964 मध्ये जपानने खाद्यपदार्थांत थिअनिन घालायला परवानगी दिली, आणि मेंदूवरचे प्रयोग त्यानंतरचे.

पण इथेच एक आकडा लक्षात ठेवायला हवा. ताणावरच्या प्रयोगांत बहुतेक वेळा 200 मिलीग्रॅमच्या आसपास थिअनिन देतात, आणि 2011 च्या एका मोजणीत 200 मिलीच्या कपात ग्रीन टीमध्ये सुमारे 8 आणि काळ्या चहात सुमारे 24 मिलीग्रॅमच निघालं. वर दोन्हीत कॅफीन आहेच. म्हणून साध्या टी-बॅगच्या एका कपाने घालमेल जाईल असं मी कोणालाच सांगणार नाही.

कॅमोमाईलची गोष्ट अगदी वेगळी, त्यात चहाचं पान नाहीच. ही शेवंतीच्या कुळातली छोटी पांढरी फुलं. ग्रीक नावाचा अर्थ जमिनीवरचं सफरचंद, कारण वास तसा येतो. आपल्याकडे युनानी हकीम याला बाबूना म्हणतात. यातला अपिजेनिन नावाचा घटक मेंदूत झोपेच्या काही गोळ्या जिथे चिकटतात तिथेच चिकटतो असं 1995 मध्ये अर्जेंटिनातल्या संशोधकांनी दाखवलं, आणि 2009 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कायम चिंतेचा त्रास असलेल्या 57 जणांवर आठ आठवडे प्रयोग झाला, फरक थोडाच पण दिसला. मात्र तिथे कॅप्सूल दिल्या होत्या, चहा नाही, हे डब्यावर कोणी छापत नाही. आणि शेवंतीची ॲलर्जी असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

राहिला आपला गवती चहा, म्हणजे डब्यावरचं लेमनग्रास. हे गवत, यातही चहाचं पान नाही. परसात किंवा कुंडीत लावायचा, पातीच्या कडेने बोट कापतं म्हणून कात्रीनेच कापायचा, गाठ मारून पातेल्यात टाकायचा, आलं ठेचून घालायचं. सर्दी, अंगदुखी, पोट, यासाठी घरोघरी तो असतोच. ब्राझीलमध्ये मात्र तो मन शांत करण्यासाठी, झोपेसाठी पितात, आणि तिथल्याच संशोधकांनी 1986 मध्ये ते तपासलं. 50 जणांना गवती चहा किंवा खोटा काढा दिला, कोणाला काय दिलंय ते कोणालाच माहीत नाही, आणि झोपेत काही फरक पडला नाही, ज्यांचा स्वभाव जास्त काळजीचा अशा 18 जणांच्या घालमेलीतही नाही. अपायही काही दिसला नाही.

मावशीला हे सगळं सांगत बसले नाही. म्हटलं, ग्रीन टी सकाळी घे हवा तर, रात्री नको. रात्री गवती चहाच कर, चहा पावडर न घालता, औषध म्हणून नाही, आवडतो म्हणून. आणि ही घाबराघुबरी आठवड्याभरात कमी नाही झाली तर आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ, मी येते सोबत.