खेडा खरेदी (खानदेशातील कापूस)

व्यापारी किंवा त्याचा मध्यस्थ गावात येऊन शेतकऱ्याच्या दारात, खळ्यात वा शेतातच कापूस मोजून घेतो, त्या व्यवहाराला जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत खेडा खरेदी म्हणतात. वाहतूक, हमाली आणि बाजारातला खोळंबा वाचतो, पैसा बहुधा हातोहात मिळतो. म्हणून दोन-चार एकरवाल्याचा ओढा तिकडेच असतो.

पद्धतीचा उगम वादाचा आहे. एका मतानुसार अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१–६५) काळात कापसाला आलेल्या तेजीत सावकार व दलालांनी उचल देऊन उभ्या पिकावर हक्क सांगण्याची जी रीत रूढ केली, तिचाच हा अवशेष होय. दुसरे मत ती अलीकडची मानते. शेतकऱ्याला वजनात व कपातीत संरक्षण मिळावे म्हणून मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा झाला आणि त्याखालील पहिला नियंत्रित बाजार धुळ्यात, साधारण १९३० च्या सुमारास, सुरू झाला (वऱ्हाडात कारंज्याचा बाजार १८८६ पासूनचा मानतात). पुढे १९७२ मध्ये राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि खाजगी खरेदीला बंदी झाली. ही योजना २००० नंतरच्या काही वर्षांत व्यवहारातून गेली. गावोगावच्या खरेदीचा आजचा विस्तार त्यानंतरचा आहे. त्यामुळे रीत जुनी असली, तरी आजची घडी एकाधिकार संपल्यानंतरची, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

शेतकऱ्याचे नुकसान बोललेल्या भावापेक्षा मोजमापात आणि कट्टीत अधिक होते. कट्टी म्हणजे ओल, कचरा व बारदानाच्या नावाखाली क्विंटलमागे वजा केले जाणारे किलो. समजा, १० क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने ठरला. काट्याने क्विंटलमागे २ किलो कमी दाखवले, तर ९८० किलो भरले. त्यावर क्विंटलला २ किलो कट्टी लागून ९६०.४ किलो उरले. हाती ६७,२२८ रुपये आले, म्हणजे खरा भाव ६,७२३ रुपयांच्या आसपास पडला. कट्टी न लावता, तपासलेल्या काट्यावर ६,९०० रुपये देणारा व्यापारी यापेक्षा परवडतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का हवा; तिपाईला टांगलेल्या काट्यावर शून्य पाहून, माहीत वजनाची वस्तू आधी एकदा मोजून घेणे हा साधा बंदोबस्त.

ओलीचा हिशेब नीट समजून घ्यावा. ८ टक्के ओल प्रमाण धरली, तर १२ टक्के ओलीच्या १०० किलो कापसाचे प्रमाणित वजन ८८ ÷ ०.९२ म्हणजे ९५.६५ किलो होते, ४.३५ किलोंची घट रास्त ठरते. ऑक्टोबरात पहाटेच्या दवात वेचलेला माल इतका ओला असू शकतो, आणि तेव्हा २ किलो कट्टी शेतकऱ्याला जाचक नसते. जानेवारीत वाळून ७ टक्क्यांवर आलेला १०० किलो कापूस मात्र हिशेबाने १०१ किलो धरायला हवा. तरीही कट्टी तीच राहते. ठरीव कट्टी हंगामभर चालू ठेवणे हा या व्यवहारातील मोठा अन्याय आहे. ओलमापकाचा आकडा ढिगाच्या वरच्या थरातून घेतला, तर कमी आणि आतून घेतला, तर जास्त येतो. म्हणून तीन-चार ठिकाणांची सरासरी धरावी.

भावाचे मूळ रुईत आहे. १०० किलो कापसातून साधारण ३३–३५ किलो रुई (बी काढलेला कापूस) व ६२ ते ६४ किलो सरकी (कापसाचे बी) निघते. उरते ती घट. रुईचा भाव ३५६ किलोंच्या खंडीवर बोलला जातो. गावातल्या भावात सरकीचाही वाटा धरलेला असतो. त्यामुळे सरकीचा भाव पडला, की रुई स्थिर असूनही गावातला भाव उतरतो, आणि त्याचे कारण शेतकऱ्याला क्वचितच कळते. गणेशचतुर्थीच्या मुहूर्ताचा भाव मोजक्या क्विंटलांपुरता असतो. त्यावर हंगामाचा अंदाज बांधू नये.

हमीभाव (२०२५–२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये) भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर मिळतो. ओल ८ टक्क्यांवर गेली, की तिथे भाव प्रमाणात कमी होतो, आणि १२ टक्क्यांपुढे माल नाकारला जातो. सातबाऱ्यावरील पीक नोंद, आधारशी जोडलेले खाते आणि नोंदणी लागते. बटाईदाराच्या नावे सातबारा नसतो. वेचणीची मजुरी आणि रब्बीचे बियाणे मात्र त्याच आठवड्यात पैसा मागते. म्हणून हमीभावाचा लाभ ज्याला सर्वाधिक हवा, तोच खेडा खरेदीवर विसंबतो.

माल धरून ठेवणे हा उपाय नेहमी साधत नाही. २०२१–२२ मध्ये दहा हजारांवर गेलेला भाव पाहून पुढच्या हंगामात अनेकांनी कापूस घरात ठेवला. भाव वाढला नाही, मालाला घट आली आणि घरच्यांना अंगाला खाज सुटली. कवडी (किडका, डागी) कापूस व फरदडीचा (मुख्य वेचण्यांनंतर तेच पीक राखून घेतलेला) माल पहिल्या वेचणीपासून वेगळा ठेवावा; मिसळला, तर साऱ्या ढिगाला हलक्या मालाचा भाव लागतो.