अंतर न मोजणारे तिकीट : टपालदराची पार्श्वभूमी

१ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा उरली नाही. ती स्पीड पोस्टमध्ये विलीन करण्यात आली. रजिस्टर केलेले पाकीट धुळ्याहून नाशिकला जावो की कोलकात्याला, त्याचे शुल्क वजनावर ठरत असे. स्पीड पोस्टच्या दरात मात्र वजनाबरोबर अंतरही धरले जाते. पत्र पाठवणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही, कारण दरातून अंतर काढून टाकणे हाच या देशातील टपालसेवेचा पाया होता.

कंपनी सरकारच्या डाकेत जितका पल्ला लांब तितके शुल्क जास्त, अशी पद्धत होती. १ ऑक्टोबर १८५४ पासून ती बदलली आणि पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्याच्या तिकिटावर देशात कोठेही जाऊ लागले. तिकीट न लावल्यास दुप्पट शुल्क पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई. ‘पत्र नॉटपेड आले’ या शब्दांत जी नाराजी असे, तिचे मूळ या नियमात आहे.

तिकीट एकच झाले, तरी खानदेशात पत्र लवकर पोहोचण्यासाठी रेल्वे यावी लागली. १८६० च्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. १९०० च्या सुमारास चाळीसगाव–धुळे फाटा सुरू झाला, आणि ताप्तीच्या खोऱ्यातून सुरत, नंदुरबार, अमळनेर, जळगाव अशी गावे एका मार्गावर आली. कापड कारखान्यांत कामाला गेलेल्या खानदेशी माणसांनी पुढे सुरतेहून घरी जी कार्डे आणि मनीऑर्डरी धाडल्या, त्यांची वाट हीच.

१ जुलै १८७९ रोजी आलेल्या पोस्टकार्डाची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा होती. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर सुरू झाली. तिच्या फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी चार ओळींची जागा असे, आणि पैशांइतकीच त्या ओळींची वाट पाहिली जाई.

कार्ड उघडे असल्याने त्याची स्वतःची रीत तयार झाली. लग्नाच्या कार्डाला हळद-कुंकू लागे. मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे आणि वाचून होताच ते घराबाहेर फाडून टाकत. आमची आजी ओट्यावर बसून अहिराणीत मजकूर सांगे आणि मी तो शाळेतल्या मराठीत उतरवत असे. ती ‘आठे’ (इथे) म्हणे, कार्डावर ‘इकडील’ उमटे. ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार वि. वि.’ यांत पहिली दीड ओळ जाई; शेवटी पावसाची बातमी समासात उभी लिहावी लागे. पत्त्याचा भाग आधी भरायचा, असा तिचा आग्रह होता, आणि तो योग्यच होता.

पत्ता हा पाठवणाऱ्याचा खरा घोर. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेव्हापासून पत्त्यात ‘पू. खानदेश’ की ‘प. खानदेश’ हे लिहिणे आवश्यक ठरले, कारण वडगाव, पिंप्री ही नावे तालुक्या-तालुक्यांत आढळतात. देशभरच्या अशाच गोंधळावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजलेला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाला. त्याचे पहिले तीन अंक सॉर्टिंग जिल्हा, म्हणजे टपाल छाटणीचा विभाग, सांगतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे टपाल कार्यालय. हा सॉर्टिंग जिल्हा महसुली जिल्ह्याशी जुळेलच असे नाही : चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात असूनही धुळ्याप्रमाणे ४२४ ने सुरू होते (४२४१०१), तर धुळे जिल्ह्यातील शिरपूर जळगावप्रमाणे ४२५ मध्ये येते (४२५४०५). जिल्ह्यावरून अंदाजाने पिन लिहिणाऱ्याची चूक येथेच होते.

साध्या टपालाचा मूळ करार मात्र अजून टिकून आहे. ५० पैशांचे पोस्टकार्ड सातपुड्यातील धडगावहून टाकले काय किंवा पुण्यातून टाकले काय, दर तोच. कार्ड पोहोचवण्याचा खर्च त्याहून कितीतरी अधिक येतो आणि तो टपाल खाते सोसते. अडचण आहे ती पुरावा हवा असणाऱ्याची. कार्ड टाकल्याची पावती मिळत नाही, आणि पेटीत टाकलेल्या साध्या पत्राचा दाखला देणारे यूपीसी (अंडर सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग) २०११ मध्येच बंद झाले. सात-बाराच्या हरकतीचा अर्ज किंवा पीकविम्याची तक्रार पाठवणाऱ्या शेतकऱ्याला पावती घ्यायची असेल, तर आता स्पीड पोस्टच्या खिडकीवर उभे राहावे लागते, आणि तेथे वजनकाट्यावर पाकीट ठेवल्यावर ते कोठे जाणार आहे, हेही पाहिले जाते.