गावनकाशा (बैठकीची पद्धत)

गावनकाशा : बैठकीला जमलेल्या लोकांनी स्वतःच्या हाताने जमिनीवर काढलेले गावाचे वा शिवाराचे साधे चित्र. ते समोर ठेवूनच पुढची चर्चा होते. विदर्भातील खेड्यांत पाणलोटाची कामे, महिला बचतगट, वनहक्काचे दावे आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा अशा कामांसाठी ही पद्धत उपयोगी पडते. रांगोळी, चुना, गेरू, तुराटीची काडी आणि मूठभर सरकी एवढ्यावर काम भागते.

सहभागी ग्रामीण मूल्यावलोकन (पीआरए) या कार्यपद्धतीचा हा एक भाग. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतातील स्वयंसेवी संस्थांच्या कामातून ती आकाराला आली. कर्नाटकातील मायराडा ही त्यांपैकी एक. ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी तिचा जगभर प्रसार केला.

शाळेच्या पटांगणात किंवा समाजमंदिरापुढे जागा झाडून घेतात. आधी मारुतीचे देऊळ, शाळा, हातपंप अशा खुणा मांडायच्या. मग रस्ते, नाला, वस्त्या. खरा उपयोग दिसतो तो पांदण रस्त्यासारख्या चिघळलेल्या विषयात. नुसत्या बोलण्यात “तुह्या वावरातून”, “माह्या धुऱ्यावरून” सुरू झाले की बैठक दोन घरांच्या भांडणावर येऊन थांबते. जमिनीवर रेघ असली की एखादी म्हातारी पुढे होते, तळहाताने रेघ पुसते आणि पावसाळ्यात बैलबंडी नेमकी कुठे फसते तिथे सरकीचे दाणे ठेवते. वाद मग माणसाशी न राहता त्या रेघेशी होतो, आणि मुरूम आधी कुठे टाकायचा हे ठरवता येते.

याच कुळातली हंगामी दिनदर्शिका. बारा घरे आखून कोणत्या महिन्यात काम किती, हातात पैसा किती, हे दाण्यांच्या ढिगांनी दाखवतात. कापसाच्या गावात जून-जुलैला बी-खताचा ढीग मोठा आणि पैशाचे घर रिकामे. दाणे भरतात ते दिवाळीच्या आसपास, वेचणी सुरू झाल्यावर. कर्जाचा हप्ता कधी ठेवावा, हे बचतगटाला त्यावरून ताबडतोब कळते. मेळघाटात मजुरीसाठी बाहेर गेलेली कोरकू कुटुंबे होळीला परततात. बैठकीची तारीखसुद्धा दिनदर्शिकेतल्या घरांकडे पाहूनच धरावी. चपाती आकृतीत कागदाची वर्तुळे वापरतात : संस्था जितकी महत्त्वाची तितके वर्तुळ मोठे, जितकी सहज उपलब्ध तितके गावाजवळ. बँकेचे मोठे वर्तुळ लांब आणि सावकाराचे अगदी दाराशी, असे चित्र उमटले की चर्चेला वेगळे प्रास्ताविक लागत नाही.

काडी कोणाच्या हातात, यावर सारे अवलंबून असते. सरपंच किंवा बाहेरून आलेला कार्यकर्ताच रेघा ओढत बसला, तर गावाबाहेरची वस्ती आणि तिथला हातपंप नकाशात येतच नाही. म्हणून बायकांचा नकाशा वेगळा काढून घेणे आवश्यक आहे. त्यात पाणी, सरपण, धुण्याचा घाट आणि अंधारातल्या वाटा ठळक येतात. पुरुषांच्या नकाशात बहुधा शेताच्या सीमा आणि डांबरी रस्ते. वेचणीच्या दिवसांत दुपारी बैठक बोलावली, तर बायका वावरात असल्याने त्यांचा नकाशा निघणारच नाही.

पुसले जाण्याआधी चित्र कागदावर उतरवून त्यावर तारीख आणि काढणाऱ्यांची नावे लिहितात. वनहक्क कायदा, २००६ खालील सामूहिक दाव्यात नकाशा महत्त्वाचा असतो. गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यात हातनकाशा आणि जीपीएसची मोजणी जुळली नाही, तर दोन्ही कागद घेऊन जाणत्या माणसांसोबत सीमेवरून पुन्हा फिरणे हाच भरवशाचा उपाय.