फुप्फुसाच्या कर्करोगातील जनुक-अभिव्यक्ती आणि प्रतिकारपेशी

जनुकातली माहिती संदेशवाही आरएनएत उतरते आणि बहुधा त्यावरून प्रथिन तयार होते; या क्रियेला जनुक-अभिव्यक्ती म्हणतात. फुप्फुसाच्या कर्करोगात कोणती जनुके चालू आणि कोणती बंद, याचा प्रश्न दोन्हीकडे असतो: कर्कपेशींत आणि त्यांच्यावर चालून आलेल्या प्रतिकारपेशींतही.

टी पेशींना (कर्कपेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींना) गाठीत येण्यासाठी आधी बोलावणे लागते. सीएक्ससीएल९ आणि सीएक्ससीएल१० या जनुकांपासून बनणारी प्रथिने ते काम करतात. ती मुबलक असली तर गाठ टी पेशींनी भरते; अशा गाठीला 'गरम' म्हणतात, उलट असेल तिला 'थंड'. एसटीके११ हे जनुक निकामी झालेल्या गाठी बहुधा थंड असतात, कारण त्यांत धोक्याची वर्दी देणारे स्टिंग हे प्रथिन दबलेले असते.

पुढची गुंतागुंत अधिक बोलकी आहे. गाठीत शिरलेली टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारे प्रथिन सोडते. त्यामुळे पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे तिच्या पृष्ठभागावर दाखवणारी कर्कपेशीतील एचएलए जनुके जोमाने चालू लागतात आणि ती पेशी ओळखू येते. पण त्याच संदेशाने सीडी२७४ हे जनुकही जागे होते. त्यापासून बनणारे पीडी-एल१ प्रथिन टी पेशीवरील पीडी-१ या लगाम घालणाऱ्या प्रथिनाला जोडले जाते आणि हल्ला थंडावतो. म्हणजे पीडी-एल१ हा पुष्कळदा झालेल्या हल्ल्याचाच पुरावा असतो. मात्र ईजीएफआर या पेशीवाढीशी निगडित जनुकातील बिघाडासारख्या आतल्या कारणानेही ते वाढते, आणि तेव्हा आसपास टी पेशी असतीलच असे नाही. म्हणून पीडी-एल१च्या तपासणीचा आकडा एकटा वाचू नये. जपानी शास्त्रज्ञ टासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेने पीडी-१ १९९२मध्ये शोधले. २०१८चे नोबेल त्यांना आणि अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स ॲलिसन यांना विभागून मिळाले.

सततच्या झुंजीत टी पेशींत टॉक्स हे जनुक चालू होते आणि पीडी-१, लॅग-३, टिम-३ हे लगाम वाढतात. याला 'थकवा' म्हणतात, पण तो शब्द अपुरा वाटतो. फुप्फुसाच्या गाठीतील अशाच काही पेशी सीएक्ससीएल१३ तयार करून बी पेशींना (प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्रतिकारपेशींना) बोलावतात, आणि अशा टी पेशी आढळलेल्या रुग्णांत पीडी-१ रोखणारी औषधे अधिक लागू पडल्याचे दिसले आहे.

लघुपेशी कर्करोगात, म्हणजे साधारण १५ टक्के रुग्णांत, चित्र वेगळे असते. तेथे एचएलए जनुके बहुधा शाबूत असूनही ईझेडएच२ या विकराच्या कामामुळे मिटलेली राहतात. याउलट, एचएलए वर्ग-१ प्रथिनांचा एक भाग बनवणारे बी२एम जनुकच गमावलेल्या पेशीवर एचएलए वर्ग-१ची प्रथिने पृष्ठभागावर नीट येऊ शकत नाहीत. मिटलेली जनुके मात्र ईझेडएच२ रोखल्यावर प्रयोगशाळेत पुन्हा चालू झाली आहेत.