पातं कारखान्याचं, मूठ हाताची
(खडे जडवलेल्या घडीच्या चाकूंविषयी, आमच्या ग्राहकांसाठी)

ॲरिझोनात पाहुणे आले की ग्रँड कॅन्यन होतोच, आणि परतताना कुणाच्या तरी खिशात निळ्या मुठीचा घडीचा चाकू असतो. मग तो दाखवायला मंडळी आमच्याकडे येतात. "दुकानदार म्हणाला अस्सल नावाहो आहे, म्हणजे इथल्या नावाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या कारागिराने केलेला. आहे का हो?" आम्हीही तसल्याच मुठी जडवतो, त्यामुळे उत्तर टाळता येत नाही.

आधी हे सांगतो की चाकू आम्ही घडवत नाही. पातं, स्प्रिंग, लॉक सगळं तयार घेतो. बहुतेक वेळा बक या अमेरिकन चाकू कंपनीचा ११० नंबरचा 'फोल्डिंग हंटर' असतो. हे मॉडेल १९६४ साली आलं. पातं पावणेचार इंचांचं, मुठीच्या दोन्ही टोकांना पितळ आणि मधे गडद लाकडाच्या पट्ट्या. आमचं काम त्या पट्ट्यांपुरतं. त्या काढल्या की पितळेच्या दोन टोकांमधे जी जागा उरते, तेच आमचं कोंदण.

त्यात काय बसवायचं, तर मुख्यतः पिरोजा, म्हणजे निळा टर्कॉइज. खाणीतून निघतो तेव्हा तो पुष्कळदा खडूसारखा भुसभुशीत असतो. तसाच लावला तर हाताचं तेल आणि घाम पिऊन हळूहळू हिरवट पडतो. म्हणून दाबाखाली त्यात रेझिन मुरवतात. यात फसवणूक काही नाही, फक्त विकताना तसं सांगायला हवं. फसवणूक होते ती निळा रंग घातलेलं नुसतं प्लास्टिक पिरोजा म्हणून गळ्यात मारतात तेव्हा. ॲरिझोनातल्या ग्लोब गावाजवळच्या 'स्लीपिंग ब्यूटी' खाणीतून पिरोजा काढणं २०१२ मध्ये थांबलं. तो एकसारखा आकाशी, एकही काळी रेघ नसलेला दगड आता जुन्या साठ्यातूनच मिळतो. तो स्वस्तात कुणी देत असेल तर जरा थांबा.

पिरोज्याच्या जोडीला पोवळं, शिंपला, लाजवर्द (गडद निळा लॅपिस) आणि जेट (अश्मीभूत लाकडाचा काळा, हलका खडा). हिऱ्याच्या चकतीवर, पाण्याच्या धारेखाली, साधारण तीन मिलिमीटर जाडीचे तुकडे कापतो. कोरडं कापत नाही, ती धूळ फुप्फुसांना वाईट. दोन तुकड्यांमधे पितळेची किंवा चांदीची पातळ पट्टी उभी करतो आणि एपॉक्सी या घट्ट गोंदाने सगळं एकत्र बसवून रात्रभर सोडतो.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी, घासताना. जेट जवळजवळ नखाइतका मऊ, पोवळं त्याहून थोडं कठीण, पिरोजा आणि लाजवर्द आणखी कठीण. मऊ गादीवर घासलं तर जेट भराभर झिजतो आणि तिथे खळगा पडतो. म्हणून पॉलिश पेपर सपाट, टणक पाटीवर चिकटवून घासायचं, आणि दर थोड्या वेळाने मूठ पुसून डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारी पायरी अंगठ्याला कळते. चाकू घेताना तुम्हीही हेच करून बघा, मग तो आमच्याकडून घ्या की आणखी कुठून. शेवटची चकाकी बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या कापडी चाकावर येते, पण तीही बेताबेताने, कारण मूठ तापली की एपॉक्सी ढिलं पडतं. या सगळ्यात पात्याला जाड टेप गुंडाळलेली असते. हे एकदा विसरलो होतो. बोटाला तीन टाके पडले.

आता त्या 'अस्सल नावाहो'बद्दल. नावाहो लोक, त्यांच्या भाषेत दिने, चांदीचं काम एकोणिसाव्या शतकात मेक्सिकन कारागिरांकडून शिकले आणि मग ते पूर्णपणे त्यांचं झालं. खड्याला खडा भिडवून जडवण्यात शेजारच्या झुनी लोकांचं नाव मोठं. कारखान्याच्या चाकूवर ते जडवणं मात्र अलीकडचं. १९९० च्या अमेरिकन कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त जमातीच्या सदस्याने किंवा जमातीने प्रमाणित केलेल्या कारागिराने केलेली नसलेली वस्तू 'इंडियन' (म्हणजे मूळ अमेरिकन) किंवा 'नावाहो' म्हणून विकता येत नाही. पहिल्या गुन्ह्यालाच दंड अडीच लाख डॉलरपर्यंत, कैद पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. आम्ही दिने नाही. म्हणून आमच्या मुठीच्या बिलावर 'नैऋत्येकडची शैली' एवढंच लिहितो. दिने कारागिरांचे चाकूही आमच्याकडे असतात. त्यांच्या बिलावर कारागिराचं नाव आणि जमात लिहिलेली असते, आणि ते महाग असतात. असायलाच हवेत.

पांढरा शिंपला, पिरोजा, अबलोनी (रंगीत झळाळीचा शिंपला) आणि जेट या चौकडीचं नातं दिने लोकांच्या चार दिशांच्या चार पवित्र पर्वतांशी आहे. कुणी ती मागितली तर जडवून देतो, पण 'शुभ चाकू' म्हणून विकत नाही.

वापराबद्दल थोडंसं. चाकू डिशवॉशरमध्ये घालू नका, पाण्यात भिजत ठेवू नका. लिंबू किंवा कैरी चिरली तर मूठ लगेच पुसा, कारण आंबट रस शिंपला आणि पोवळं खातो. तेलाचा थेंब बिजागरीत टाका, खड्यांवर नको. भारतात नेताना चेक-इन सामानात ठेवा, हातातल्या पिशवीत राहिला तर विमानतळावरच सोडावा लागेल. बदल केलेल्या चाकूला कारखान्याची हमी उरत नाही असं धरून चला. खडा निखळला तर आमच्याकडे आणा, आमचं काम आम्ही नीट करून देतो.

स्वतःचा जुना चाकू जडवायला दिलात तर काढलेल्या लाकडी पट्ट्या पुडीत बांधून परत देतो. वडिलांचा चाकू असेल तर त्या जपून ठेवा.